जावईबापूंना दिसलेली हरणं

अधिक महिना आला की आमच्या घरात जावई देव होतो. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, तेवढं चालवून घ्यायला कुणाची हरकत नसावी. पण आमचे दाजी मधल्या वर्षांतही देवच असतात, आणि त्यांची पूजा माझे वडील, आबा, जातीनं करतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्यात चांगल्या नोकरीत आहेत, उंच आहेत, बोलतात कमी, आणि समोरचा काहीही सांगत असला तरी मान डोलावतात. इतक्या वर्षांत मला त्यांच्यात याहून मोठा दोष सापडलेला नाही, आणि माझं पोट त्यामुळेच जास्त दुखतं.

यंदा ते पुरणाचे धोंडे खायला आले ते आफ्रिकेहून नुकतेच फिरून आलेले. मीही जालन्याहून बायकोला घेऊन तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी आलो होतो. पण मी काय, दर पंधरा दिवसांनी येतोच, माझ्या येण्याचं कुणाला अप्रूप नाही. आई, बहीण आणि माझी बायको स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. बाहेर पंख्याखाली दाजी आबांना मोबाइलवर फोटो दाखवत होते. आबा मोबाइल नाकाला लावून बघत होते. आबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसरा काचबिंदूनं गेल्यात जमा आहे. हे घरात सगळ्यांना मान्य आहे, आबा सोडून.

दाजी सांगत होते, की तिथं आपली गाडी आपणच चालवत जंगलातल्या रस्त्यानं फिरायचं. काचा वर ठेवायच्या, खाली उतरायचं नाही. सिंह, हत्ती, जिराफ, सगळं रस्त्याच्या कडेला उभं असतं.

"अन् तिकीट लागतं?" आबांनी विचारलं.

"लागतं ना, मामा."

"आपल्याकडं बिनतिकिटाचं हाय की. चला, दाखवतो." मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "गाडी काढ रे."

गाडी माझी, पेट्रोल माझं, पण पुढची जागा दाजींची. जावयाला मागं बसवायचं नसतं. आबा मागच्या सीटवर मधोमध बसले आणि दोन्ही सीटच्या फटीतून हनुवटी पुढं काढून दाजींच्या कानाशी लागले. मी ड्रायव्हर. तसं कुणी म्हणालं नाही, पण रस्ताभर माझ्याशी जे काही बोलणं झालं ते "हळू", "थांब" आणि "घे पुढं" एवढंच.

वडीगोद्रीकडे जाताना कालवा ओलांडला की एक कच्चा रस्ता फुटतो. एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला गायरान, तरवडाची झुडपं, मधूनमधून बाभळी आणि लांबवर पसरलेला खडकाळ माळ. उन्हं कलली की तिथली मातीसुद्धा हळदीसारखी पिवळी दिसते. हरणं त्याच वेळेला बाहेर येतात. आमच्या लहानपणी ती उभ्या मुगात शिरायची आणि आबा पत्र्याचा डबा बडवत त्यांच्यामागं धावायचे. आता जमीन बटाईनं दिली आहे, तेव्हापासून आबांना हरणं आवडायला लागली आहेत.

"जावईबापू, एक ध्यानात ठेवा," आबा म्हणाले, "हरण गाडीला भेत न्हाई. माणूस खाली उतरला की पळालं. गाडीतल्या गाडीत बसून कितीबी बघा."

हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. पन्नाशीला आलो, याच रस्त्यानं हजार वेळा गेलो, आणि ही साधी गोष्ट मला दाजींच्या निमित्तानं कळत होती. मला हेवा वाटला. उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं?

माझं आणि आबांचं या बाबतीत जुनं दुखणं आहे. लहान होतो तेव्हा शेतात जाताना बैलगाडीत आबा मला पुढ्यात घ्यायचे आणि म्हणायचे, "ते बघ, काळवीट." मी डोळे ताणून बघायचो. समोर नुसतं हिरवं आणि त्यावर नुसतं निळं. मी म्हणायचो, "कुठंय? मला न्हाई दिसत." ते हात धरून बोट वळवायचे, मान वळवायचे, शेवटी कंटाळायचे. पुढं शाळेतल्या मास्तरांना फळ्यावरून माझ्या डोळ्यांचा नंबर लक्षात आला आणि मला चष्मा लागला, पण तोवर आबांनी मला दाखवणं सोडलं होतं. "ह्याला काय दिसतंय," हे आमच्या घरातलं कायमचं वाक्य झालं. हरवलेली किल्ली शोधायला मला कधी कुणी पाठवत नाही. एकदा तरी आबांनी मला काही दाखवावं आणि मी ते पटकन बघावं, एवढीच माझी मागणी होती. ती कुणाकडे करायची हे मात्र कळलं नाही.

कच्च्या रस्त्याला लागल्यावर थोड्याच अंतरावर खरा कळप दिसला. माद्या चरत होत्या, एक काळा नर मान वर करून उभा होता. दाजींनी हळूच बोट दाखवलं. आबा खूश झाले. इथवर सगळं ठीक होतं.

"थांब," थोडं पुढं गेल्यावर आबा म्हणाले. "त्या बाभळीखाली बघा, जावईबापू. एकटाच हाय. म्हातारा नर दिसतो. शिंगं बघितले का?"

मी बघितलं. बाभळीखाली जळालेलं खोड होतं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खोडच होतं.

"दिसला, मामा," दाजी म्हणाले. "काय शिंगं आहेत!"

आबांनी आनंदानं त्यांच्या खांद्यावर थाप मारली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढं एक रोही, नीलगाय, दिसली, म्हणजे निळ्या ताडपत्रीनं झाकलेली ट्रॉली. दाजींना तीही दिसली. तिचं पिल्लूही दिसलं. आयुष्यभर मी खरं सांगितलं, 'न्हाई दिसत' म्हणालो, आणि बापाची नजर गमावली. हा गृहस्थ नुसती मान हलवून ती घेऊन चालला होता.

"अन् ते बांधावर बघा, बसून राह्यलेत सगळे. पाच-सहा तर असतील."

"हो, हो. पांढरी पोटं दिसतायत," दाजी म्हणाले.

"खताच्या गोण्या आहेत त्या," मी म्हणालो. "आणि मघाचं काळवीट म्हणजे खोड होतं, आबा. अन् रोही म्हणजे ट्रॉली."

दाजी खिडकीबाहेर बघू लागले. आबांनी हनुवटी मागं घेतली आणि सीटला टेकून बसले.

"असंल," ते म्हणाले.

मला बरं वाटलं, खोटं सांगत नाही. पार पुढच्या पुलापर्यंत बरं वाटत होतं. पुलाजवळ मी गाडी वळवली तेव्हा आरशात आबा दिसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. बाहेर बघतच नव्हते. तेव्हा मात्र माझं बरं वाटणं संपलं. बोललेला शब्द मागं घेता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर घ्यावासाही वाटत नव्हता.

परतताना ऊन अगदी आडवं आलं होतं. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. दाजी मान खाली घालून माझ्या बहिणीला निघाल्याचा मेसेज करत होते. तेवढ्यात तरवडातून तो रस्त्यावर आला.

आधी कुत्रंच वाटलं. पण त्याचे पाय लांब होते, मान खांद्याखाली झुकलेली होती, आणि गाडी बघून तो ना भुंकला ना शेपटी हलवली. मी ब्रेक दाबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती आणि फारसा रसही नव्हता. मग सावकाश रस्ता सोडून तो पुन्हा गायरानात शिरला आणि त्याच पिवळ्या मातीत मिसळून गेला.

"आबा, लांडगा," मी म्हणालो. माझा आवाज बैलगाडीतल्या पोराचा निघाला.

दाजींनी मान वर केली. रस्ता रिकामा होता.

"जावईबापू, तुम्हाला दिसला का?" आबांनी मागून विचारलं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. एरवी ते लगेच 'दिसला' म्हणाले असते. पण मघाच्या गोण्यांनंतर त्यांचं तोंड मीच बंद केलं होतं.

"नाही मामा," ते म्हणाले. "मी फोनमध्ये होतो."

उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा काही आधी दिसलं होतं आणि त्याला साक्षीदार नव्हता. 'ह्याला काय दिसतंय' याची मी वाट बघत बसलो. आबांची हनुवटी पुन्हा फटीतून पुढं आली. त्यांनी हात माझ्या सीटवर ठेवला. दाजींच्या नव्हे, माझ्या. आणि ते बघू लागले. लांडगा गेला होता गायरानात आणि आबा बघत होते उसाकडे.

"हां," बराच वेळ बघून ते म्हणाले. "दिसला. मोठा हाय."

अगदी दाजींच्या आवाजात म्हणाले. तसंच चटकन आणि तसंच मऊ.

"चालून राह्यला बघ कसा. जल्दी न्हाई बिलकुल."

आबा, तिकडं नाही, इकडं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. दाजी समोर बघत होते. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

घरी पानं वाढलेली होती. दाजींना चौरंगाशेजारचा पाट, नवा टॉवेल, तुपात बुडवलेले धोंडे, सगळं मानाचं झालं. आबा माझ्या शेजारी बसले. आई आमटी वाढायला आली तेव्हा ते तिला म्हणाले, "लांडगा दिसला आज. मला अन् ह्याला. जावईबापूंचं ध्यान न्हवतं."

आईच्या हातातली पळी थांबली. दारात तिच्या दोन शेळ्या बांधलेल्या असतात.

"कुणीकडं गेला म्हणं?"

"उसात," आबा म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं. घरात एखादी गोष्ट खरी की खोटी हे मलाच विचारायची तिची पद्धत आहे. "खरं का रे? उसातच गेला?"

समोर दाजी घास हातात घेऊन थांबले होते. आबा मान खाली घालून धोंडा कुस्करत होते आणि ऐकत होते.

"हो," मी म्हणालो. "उसात गेला."