तुरुंगाच्या दारातली गर्दी

आमच्या वाचनालयात आणीबाणीवरचा एक माहितीपट दाखवणार होते. शेजारच्या कुसुमकाकूंना मी सोबत घेऊन गेलो. त्यांचे यजमान त्या काळात तुरुंगात होते. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली.

चित्रण कृष्णधवल होतं. मोर्चे, भाषणं, पोलिसांच्या गाड्या झाल्या आणि मग तुरुंगाचं दार उघडलं. सुटून आलेल्यांना लोक हार घालत होते. काकूंनी माझा हात धरला.

"हे बघ, आमचे हे."

लोकांनी काकांना खांद्यावर उचललं होतं. गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून एक बाई उभी होती.

"आणि ती मी. पातळ हिरवं होतं."

काका तिथूनच सभेला गेले आणि काकू एकट्या घरी परतल्या, हे त्यांनी मला तिथेच हळू आवाजात सांगितलं. सांगण्यात तक्रार नव्हती. कॅमेरा खांद्यावरच्या माणसाकडेच बघणार, त्याचं तरी काय चुकलं? पण ते सगळे महिने ज्यांनी घर चालवलं, त्या चित्रात आल्याच तर अशा चुकून, कडेला येतात.

माहितीपट संपल्यावर काकू संयोजकांकडे गेल्या. "तेवढं एकदा परत दाखवता का?"

त्यांनी आनंदानं दाखवलं. सगळ्यांना वाटलं, त्यांना काकांना पाहायचंय. काकू मात्र भिंतीपाशी बघत होत्या.

"किती वाळले होते मी," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुणी म्हणालं नाही."