आमची स्वच्छ खाडी

मंडळी, नवीन वर्षाची सुरुवात म्हणून आज आमच्या बाळकुमच्या सोसायटीने खाडीकाठ साफ केला. टोप्या, ग्लोव्हज, इडली-चटणी, सगळं चोख.

झुडपांवर एक जुनाट जाळं पसरलेलं होतं. आम्ही कापून कचऱ्याच्या गाडीत भरलं. गाडी गेली आणि दर बुधवारी आमच्या गेटवर कोलंबी विकणारी मावशी धावत आली.

"अहो, जाळं सुकत घातलेलं मी. उद्या खाडीत काय टाकू?"

सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

झाली बाजूला. फोटो मस्त आलाय, मीही हसतोय त्यात.

बुधवारी ती गेटवर दिसली नाही, तर ग्रुपवर पहिली तक्रार कोण टाकणार?