इथे गंगाबाई राहत नाहीत

देवरूखच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत दीपाली मांडवकर खळ्यात कुळीथ झोडत होती, तेव्हा फोन वाजला. जानेवारीची पंचवीस तारीख, सकाळचे दहा. पलीकडची बाई हिंदीत बोलत होती. "दिल्लीहून बोलतेय, गृह मंत्रालयातून. गंगा सखाराम मांडवकर तिथेच राहतात ना?"

दीपालीच्या हातातली काठी गळून पडली. गृह मंत्रालय म्हणजे पोलीस, एवढं टीव्हीच्या बातम्यांनी तिला शिकवलं होतं. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं, "नहीं नहीं, इधर कोई गंगाबाई नहीं रहती!"

फोन ठेवून तिने मागे वळून बघितलं. दहा पावलांवर, पडवीत, गंगाबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिची सासू.

"कोनाचा फोन गो?"

"कंपनीचा, आई. रिचार्जचा."

गंगाबाई म्हणजे आसपासच्या सात वाड्यांची सुईण. नवरा लवकर गेला, हातात कला राहिली. पावसात ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला की दवाखान्याची गाडी पलीकडे नि अडलेली बाई अलीकडे. मग डोक्यावर इरलं घेतलेला कोणीतरी धावत गंगाबाईच्या दारात यायचा. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा झाली की पूजेतला नारळ सुईणीला देतात. तेवढाच मान तिला ठाऊक, नि तेवढाच तिने आयुष्यभर घेतला. दीपालीची दोन्ही पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली.

पण दोन पावसाळ्यांमागे वाडीतल्याच मनस्वीचं बाळंतपण अडलं. पूर उतरेना. मनस्वी वाचली, मूल काही रडलं नाही. तेव्हापासून गंगाबाईने कोणाच्या बाळंतपणाला हात लावला नाही. आणि आरोग्य केंद्रातली नर्सबाई दीपालीला बाजूला घेऊन बजावून गेली होती, "घरी बाळंतपणं करू नयेत हे कितीदा सांगितलं? कोणी तक्रार केली तर केस होईल हां!"

कोणी केली तक्रार? दीपालीने डोकं शिणवलं आणि एकदम तिला सानवी आठवली. देवरूखच्या कॉलेजातली, चष्मेवाली. मागच्या उन्हाळ्यात तीन दिवस येऊन बसली होती. मोबाईल पुढे ठेवून विचारत होती, किती बाळंतपणं केलीत, कोणाची केलीत. म्हातारीने सगळं सांगितलं, मनस्वीचंसुद्धा. दीपाली मागून पायाने डिवचत होती तरी थांबली नाही. तेच रेकॉर्डिंग दिल्लीला पोचलं. दुसरं काय?

फोन पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. तिने न उचलता मुंबईला नवऱ्याला फोन लावला. विनीत म्हणाला, "अगं, खोटे पोलीस असतील. हल्ली फोनवरच अटक करतात ते. उचलू नको."

खोटेच असू देत, असं तिने देवीला विनवलं. पण खोट्या पोलिसाला सासऱ्यांचं नाव कसं ठाऊक असेल? फोन तिने तांदळाच्या डब्यात खोल खुपसला आणि देवापुढे समई लावली. "खोटं मी बोललेय, देवीआई. पाप माझ्या पदरात घाल. त्र्याहत्तराव्या वर्षी म्हातारीला कोर्टाची पायरी दाखवू नको. दसऱ्याला ओटी भरीन."

तीनच्या सुमारास चढणीवर जीपची घरघर आली. निवडणुकीशिवाय वाडीत जीप येत नाही. दीपालीने सासूला दंडाला धरून माजघरात ढकललं.

"आई, बाहेर यायचं नाही!"

"कोन आलाय?"

"पोलीस."

म्हातारी हळू म्हणाली, "मनस्वीच्या पोरासाठी. दोन वर्सं वाट बघतेय मी त्यांची."

जीपमधून तलाठी उतरले. मागे खाकीतला ड्रायव्हर. खाकी बघून दीपाली दारात आडवी उभी राहिली.

"गंगाबाई आहेत?"

"नाहीत. मुंबईला गेल्यात, लेकाकडे."

"सकाळी फोनवर म्हणालात राहतच नाहीत, आता मुंबईला! एक काय ते ठरवा, वहिनी."

तेवढ्यात मागून गंगाबाई बाहेर आली. दोन्ही मनगटं जुळवून तिने हात पुढे केले. "ही बघ मी. पोरीला काय बोलू नको, बाबा. ती भ्यालीय."

तलाठ्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो आजी, बेड्या कसल्या! पद्मश्री! राष्ट्रपतींच्या हातून! त्या सानवीने अर्ज केला होता. दिल्लीवाले सकाळपासून फोन लावतायत. तुमचा होकार पाहिजे, संध्याकाळी यादी निघेल."

दीपाली होती तिथेच, ओट्यावर बसली. गंगाबाईचे हात मात्र तसेच पुढे राहिले.

"मनस्वीच्या पोराचा म्हाईत हाय त्यांना?"

तलाठ्यांनी मोबाईलवर अर्ज शोधला, वाचला. "'शेवटच्या बाळंतपणात आई वाचली, मूल वाचलं नाही. हे गंगाबाईंनी कोणी न विचारता सांगितलं.'"

"परत वाच."

त्यांनी परत वाचलं. गंगाबाईने हात खाली घेतले. "मग घेते. लपवून नको होता."

"तसं दिल्लीला सांगायला हवं. लावा वहिनी तो नंबर."

दीपालीने डब्यातून फोन उकरून काढला. तांदूळ झटकले. अकरा मिस्ड कॉल. जिला तोंडावर खोटं सांगितलं तिलाच आता काय तोंडाने सांगायचं? घंटा वाजायला लागली. सासूने तिचं मनगट धरलं, अडलेल्या बाईचं धरायची तसं, घट्ट.

"आधी श्वास सोड गो," ती म्हणाली. "मग बोल."

पलीकडून तोच आवाज आला. दीपालीने श्वास सोडला.

"मॅडम, सुबह मैं डर गयी थी. गंगाबाई इधरच रहती है. मेरी सास है."