अर्ध्या भजनासाठी दौंडला

पुण्याहून निघालो तेव्हा ओंकारच्या जुन्या गाडीत आम्ही दोघं, एक कॅमेरा, दोन माईक आणि थेपल्यांचा डबा एवढाच पसारा होता. विद्यापीठात माध्यमशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला माहितीपट करावा लागतो. कॅमेरा माझा, ध्वनिमुद्रण ओंकारचं. विषय होता शिरूरकडच्या मिशनच्या वस्तीतली मराठी ख्रिस्ती भजनं. विषय उत्तम आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कारेगावात चहाला थांबलो. शेजारच्या कारखान्यांची रात्रपाळी नुकतीच सुटली होती. कामगारांच्या मराठी-हिंदी गप्पांत टपरीवाल्याची हाक बुडून जात होती.

वस्तीत ही भजनं गाणाऱ्या रूथमावशींनी दारातच "सलाम" म्हणत आमचं स्वागत केलं. सत्तरी ओलांडलेल्या मावशींनी उभा जन्म मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक केला होता. माईक लावायच्या आधी त्यांनी आमच्यापुढे माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम पेज) ठेवलं. मग डोळे मिटून त्या गायल्या. आवाज थोडा कापरा, पण सुरात पक्का. पहिलं कडवं संपलं आणि त्या थांबल्या.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं दानिएल म्हनतो. माझा धाकटा भाऊ. एक कडवं माझं, एक त्याचं. आईनंच तसं शिकवलं."

"तुम्हाला पाठ नाही?"

"पाठ हाय. पन ते माझं न्हाई."

भाऊ रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडला राहत होता. आई त्याच्याच घरी वारली. तिला शिरूरला, वडिलांशेजारी पुरावं, असं मावशींचं म्हणणं होतं. त्यानं दौंडलाच माती दिली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"मावशी, बाहेर गाडी आहे. जायचं दौंडला?"

त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन.

न्हावऱ्यापासून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. भीमेच्या पुलावर मावशींनी काच खाली केली आणि पाण्याकडे पाहत राहिल्या. वरवंडला टायर पंक्चर झालं. दुकानाच्या बाकावर भेळ खात असताना त्यांनी हळूच विचारलं, "त्यानं दार लावून घेतलं तर?"

"तर तुम्हाला घरी आणून सोडते."

"तवा तुझं मशीन चालू ठिवू नगं. तेवढं कर."

मी शब्द दिला. पुढे कुरकुंभला कारखान्यांचा उग्र वास आला, तशा आम्ही काचा चढवल्या. मावशींनी पदर नाकाला लावला, तो दौंड येईपर्यंत काढला नाही.

दानिएलमामांचं घर रुळांच्या मागच्या बाजूला होतं. दार त्यांनीच उघडलं. बहिणीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"ताई," एवढंच म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "हे काय आनलंय? बंद करा आधी."

कॅमेरा बंदच होता. तरी ओंकारनं रेकॉर्डरची बॅटरी काढून त्यांना दाखवली. मावशी आत गेल्या आणि दार लागलं. आम्ही बाहेर लिंबाखाली बाजेवर बसलो. आतून आधी मामांचा चढलेला आवाज आला, मग मावशींचा. "माझी बी आई हुती ती," हे वाक्य स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतर काहीच नाही. आपला माहितीपट संपला, असं मला वाटलं, आणि नवलाची गोष्ट म्हणजे मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. आत काय चाललं असेल, याचीच धाकधूक होती.

ऊन उतरल्यावर मामा बाहेर आले. डोळे लाल होते.

"या आत. लावा तुमचं."

दोघं खाटेवर शेजारी बसले. मावशींचं कडवं झालं, मामांनी पुढचं उचललं. नेमकी तेव्हाच मागून मालगाडी धडधडत निघाली. रेकॉर्डर थांबवायला ओंकारनं हात पुढे केला. मी मानेनंच नको म्हटलं. मामा थांबले नाहीत. त्यांचा आवाज गाडीखाली जाऊ लागला तशा मावशी त्यांच्या कडव्यात शिरल्या, आणि गाडी गेल्यावरही दोघं एकत्रच गात राहिले.

निघताना मी मावशींची पिशवी उचलायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. उद्या दानिएल मला आईच्या कबरीवर नेनार हाय. तुम्ही जावा, सांभाळून."

परतीच्या रस्त्यावर ओंकार म्हणाला, "सर विचारणार, दाराआड काय झालं ते कुठंय?"

"नाही म्हणून सांगू. बंद दार आहे, ते दाखवू."

वाटेत मी संकलनाचा विचार करत होते. पहिल्यांदाच असं झालं, की एखादं दृश्य आपल्याला मिळालं नाही याची मला खंत वाटत नव्हती.