भानुदास दाजी आणि तीन कमांडर

आमच्या लोणी भापकरमध्ये भानुदास दाजींइतके हार कुणाच्या गळ्यात पडले नसतील, आणि हाराला त्यांच्याइतका वैतागलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही. पंधरा ऑगस्ट आला, बोलवा भानुदासला. शाळेचं गॅदरिंग आहे, बोलवा. कुणाचा पोरगा फौजेत भरती झाला आणि डीजे लावून मिरवणूक निघाली, की उघड्या जीपमध्ये त्या पोराशेजारी उभे कोण, तर दाजी. हात जोडलेले, डोळे मिटायला आलेले. साठी आत्ताच ओलांडली आहे, पण बसताना असे बसतात की जणू उठायचा विचार कायमचा सोडून दिलाय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काबाईचे यजमान. मी बुद्धघोष. विमा कंपनीत नोकरी करून बारामतीत मुदतीआधीच रिटायर झालो आणि आता गावच्या विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे. लोक मला तापट म्हणतात. चार माणसांकडून काम करून घ्यायचं म्हटलं की कुणीही तापटच दिसतो.

दाजी मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेले आणि ड्रायव्हर झाले. सत्त्याऐंशी साली त्यांची तुकडी श्रीलंकेत उतरली. तिकडं सिंहली सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात घरातलीच लढाई चालू होती. आपलं सैन्य ती मिटवायला गेलं आणि स्वतःच तिच्यात अडकलं. शांतिसेना असं त्या फौजेचं नाव. दाजींचे कंपनी कमांडर होते मेजर विजयसिंह, आपल्याच इंदापूर तालुक्यातले, बागायतदार घराण्यातले. ते तिथंच पडले. दाजी परत आले, अक्काशी लग्न झालं, पुढं हवालदार होऊन पेन्शनीत निघाले, मग एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर शिटी घेऊन उभे राहिले. आता एकरभर रान आणि तीन शेळ्या. लंकेबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "नारळ लय हुते."

अक्काचं वेगळंच. पोरं मार्गी लागली आणि तिनं विहार मनावर घेतला. पत्र्याच्या खोलीत वंदना व्हायची, तिथं आज स्लॅबचा हॉल उभा आहे तो तिच्या हट्टामुळं. दारोदार फिरली, लोकांची बोलणी खाल्ली, उन्हाळाभर भिंतींना पाणी मारलं. आपल्याकडं देणाऱ्याला नाव लागतं हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून आमच्या विहारात पंख्याच्या पात्यापात्यावर "कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलेलं आहे. बटण दाबलं की सगळे कालकथित एकमेकांत मिसळून जातात. बाकड्यांवर नावं, माठावर नाव. एवढं सगळं झालं, फक्त बुद्ध नव्हता. ओट्यावर तसबीर ठेवून आम्ही भागवत होतो.

मग पुण्यात शिकायला आलेल्या एका लंकेच्या भन्तेंनी, म्हणजे बौद्ध भिक्खूंनी, निरोप आणला. त्यांच्या देशातल्या एक बाई भारतातल्या एखाद्या खेड्याला मूर्ती देणार होत्या. पंचधातूची, बसलेल्या माणसाएवढी. अट एकच, पायथ्याशी त्यांच्या दिवंगत यजमानांचं नाव हवं. मी म्हटलं, एक काय, चार नावं टाका. अक्का तर त्या दिवशी जेवली नाही, नुसती या घरातून त्या घरात सांगत फिरली.

संध्याकाळी मी आनंदानं दाजींच्या ओसरीवर गेलो. मोबाईलवर भन्तेंनी पाठवलेली इंग्रजी माहिती मराठीत करून सांगत होतो. मेजर जनरल तिलकवर्धन, अखेरच्या युद्धातले विजयी सेनानी, असं बरंच काही. दाजींनी विचारलं, "कुठल्या भागात हुते सायेब?"

मी वाचलं. पुलियडी आणि आसपासचा सगळा पट्टा.

दाजींनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, "बुद्धघोष, मूर्ती आना. पर त्या नावाची आनली, तर म्या विहारात पाय ठेवनार न्हाय."

"का?"

"न्हाय म्हंजी न्हाय."

माझं डोकं फिरलं. वीस गावांतून एका गावाला मिळालेली मूर्ती, आणि ह्यांचं काय बिनसलं ते सांगायचंही नाही! अक्का दारात उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं. बुद्ध आला तर नवरा बाहेर, आणि नवरा आत हवा तर बुद्ध नाही. इतकी वर्षं ज्या माणसानं तिच्या विहाराच्या विटा वाहिल्या, त्याच्याशिवाय तिथं पहिली वंदना करायची हे तिच्या घशाखाली उतरेना. आठवडा तसाच गेला. मग मला म्हणाली, "येऊ दे मूर्ती. गावाची हाय, माज्या एकलीची न्हाय." आणि स्वयंपाकघरात गेली. मला तिचा आणि दाजींचा, दोघांचाही राग आला.

त्याच महिन्यात मेजर विजयसिंहांचा स्मृतिदिन होता. दाजी दरवर्षी इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी जातात. या खेपेला मी मुद्दाम त्यांना गाडीवरून नेलं. म्हटलं, वाटेत पटवू. गावाच्या तोंडाशी मेजरसाहेबांच्या नावाची भली मोठी कमान आहे, आत अर्धपुतळा. भाषणं झाली. मेजर पडले तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे वक्ते त्यांचे शेवटचे शब्द सांगत होते. दरवर्षी ते शब्द वाढत चाललेत. दाजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

परतताना रस्त्यालगतच्या हॉटेलात आम्ही भजी मागवली. मी सरळ तोंड सोडलं. "दाजी, अक्काला का छळताय? तो जनरल तुमचा कोण लागतो?"

त्यांनी भज्यांची प्लेट मधे ओढली. मग बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. गावात कुणी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं नसेल.

सुरुवातीला तिकडं तह होता. वाघ हत्यारं टाकणार, आपण ती गोळा करणार. पुलियडी भागातला वाघांचा कमांडर होता अमुदन. वय चोवीस, पायात रबरी चप्पल. त्याची पोरं त्याला अण्णा म्हणायची, म्हणून आपलेही म्हणायला लागले. मेजर विजयसिंह आणि अमुदन दोघं एकाच जीपमध्ये गावोगाव फिरायचे. गाडी दाजींच्या हातात. अमुदन पुढं त्यांच्याशेजारी बसायचा. दाजींनी त्याला "जेवला का" शिकवलं. पुढं कधीही भेटला, लांबून दिसला, तरी तो हात वर करून ओरडायचा, "भानू, जेवला का?"

दोन महिन्यांत तह मोडला. वरून हुकूम आले, दोन्हीकडं आले. पुलियडीच्या माळावर मेजर पडले आणि प्रेत तिकडंच राहिलं.

"दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं लावून बैलगाडी आली," दाजी म्हणाले. "आत सायेब. आंघूळ घातल्याली, बटनं लावल्याली. मनगटावर घड्याळ तसंच. अमुदननं धाडलं हुतं. ही गोष्ट त्या कमानीखाली कुनी सांगितली का रं आज?"

कुणी सांगितली नव्हती.

"चार म्हयन्यांनी आपल्यानी त्याला मारला. कुनाला त्येचा चेहरा ठाव नव्हता. मला वळखायला न्हेलं. नवं सायेब म्हनलं, यही है? म्या म्हनलो, जी साब. झालं. सायबांना मेडल." त्यांनी भजी बाजूला सारली. "त्येच्या आयीनं त्येला पुलियडीत पुरला. मोठी जागा हुती, मेलेल्या वाघांची वळीनं थडगी. पंधरा-सोळा वर्सं झाली आसतील, त्यांचं सगळं युद्द संपल्यावर सरकारी फौजेनं त्या जागंवर मशीन फिरवलं. आमच्या गेटावर एक तमिळ ड्रायवर यायचा, त्येनं मला फोनवर दावलं. सपाट. तवा तो भाग ह्याच जनरलच्या ताब्यात हुता." आणि मग, अगदी थकलेल्या आवाजात, "एकाच्या नावाची कमान, एकाच्या नावाचा बुद्ध, आन् अमुदनच्या नावावर नांगर. मला न्हाय जमत, बुद्धघोष. मी त्या नावाम्होरं वाकू कसा?"

मी उठून बिल दिलं.

अक्काला यातलं काही माहीत नव्हतं. "तिला कशाला?" म्हणाले. "तिचा बुद्ध हाय. त्यात रगात कशाला?" मीही गप्प बसलो.

उद्घाटनाला ही गर्दी. सुप्यापासून लोक आलेले. मूर्ती ओट्यावर बसली, खाली संगमरवरात तिलकवर्धनांचं नाव. बाई स्वतः आल्या होत्या, मालिनी तिलकवर्धन. सत्तरीच्या, पांढरी साडी, गुडघ्यानं अधू. बरोबर कुणी नाही, मुलगा ऑस्ट्रेलियात. अक्का त्यांचा हात धरून सगळीकडं नेत होती. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी अखंड बोलत होत्या. दाजी बाहेर, चपला काढतात त्या बाजूच्या पायरीवर.

शाळेचे हेडमास्तर माईकवर जनरलसाहेबांचा पराक्रम वाचायला लागले. थोड्या वेळानं पाहतो तर पहिल्या रांगेतली बाईंची खुर्ची रिकामी. मी धावत बाहेर आलो. बाई पायरीवर दाजींच्या शेजारी बसल्या होत्या. भन्तेंनी त्यांना सांगितलं होतं की इथं एकजण त्यांच्या देशात लढलेला आहे.

बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, "हे आत का येत नाहीत?"

मी काहीतरी गोलगोल सांगायला लागलो. दाजींनी मला मध्येच थांबवलं. "इचार त्यास्नी, पुलियडीतली थडगी सायबांनीच मोडली का?"

मी कुठला विचारतोय! पाहुण्या बाई, उद्घाटनाचा दिवस. पण पुलियडी हा शब्द त्यांना भाषांतराशिवाय कळला. त्या समोरच्या चपलांकडं बघायला लागल्या. मग बोलल्या आणि मी मराठीत करत गेलो.

"हो. हुकूम आला होता, त्यांनी पाळला. कुंपणाच्या पलीकडं बायका उभ्या होत्या, असं ते सांगायचे. मशीन चालू असताना त्या बायका काहीच बोलल्या नाहीत. मरेपर्यंत ते मला रोज विचारायचे, त्या बोलल्या का नाहीत? आमच्याकडं त्यांचं नाव घेतलं की लोक टाळ्या वाजवतात. मला एक जागा हवी होती, जिथं त्यांच्या नावासमोर माणसं नुसती गप्प बसतील. म्हणून ते नाव इतक्या लांब आणलं."

आत हेडमास्तरांनी काहीतरी जोरदार वाचलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले. माझी मला लाज वाटली, कारण ते भाषण मीच लिहून दिलं होतं.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. "आवो, भन्ते खोळंबल्यात. पुण्यानुमोदन करायचंय. तांब्याला घरच्यांचा हात लागतो म्हनं, आन् बाईंचं तर कुनीच न्हाय." भन्तेंच्या देशात मेलेल्याच्या नावानं पाणी सोडतात तेव्हा घरचे सगळे एकच तांब्या धरतात. बाई उठल्या. गुडघ्यावर हात दाबून वाकलेल्या, त्यांनी दाजींकडं पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं.

दाजी मला म्हणाले, "सांग त्यास्नी. म्या हात लावतो. पर माजा बी एक मानूस हाय. पुलियडीत पुरला हुता. वाघांचा कमांडर हुता, ते बी सांग. लपवू नगं. त्येचं नाव घेत्याल का?"

मी सांगितलं, जसंच्या तसं. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "माझा धाकटा भाऊ पुलियडीत मेला," त्या म्हणाल्या. "वाघांनीच मारला." मी हे दाजींना सांगितलं. दाजींची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं. आता बाई एकट्याच आत जाणार आणि दाजी इथंच बसणार, जन्मभर.

बाईंनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

"अमुदन," दाजी म्हणाले.

त्यांनी दाजींच्या खांद्याचा आधार घेतला आणि पायरी चढायला लागल्या. आधार द्यायचा म्हणजे चढावंच लागतं. दाजी चढले.

आत भन्तेंनी ताटात वाटी ठेवली आणि पितळी तांब्या पुढं केला. बाईंनी धरला, दाजींनी खालून हात लावला. अक्का बघतच राहिली, मग घाईघाईनं पुढं होऊन तिनंही दोन्ही हातांची बोटं टेकवली. तिचे डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळा नव्हता. भन्तेंनी दिवंगतांची नावं विचारली. सगळ्या हॉलनं जनरलचं नाव ऐकायला कान दिले.

बाई म्हणाल्या, "अमुदन."

भन्ते चमकले. ते त्यांच्याच देशाचे, त्यांना ते नाव कुणीकडचं ते कळलं. बाईंनी तांब्या कलता केला. वाटीत पाणी पडायला लागलं. मग त्यांनी भावाचं नाव घेतलं, मग नवऱ्याचं. दाजींनी मेजर विजयसिंहांचं घेतलं. वाटी भरली आणि ताटात सांडायला लागली, तरी कुणी तांब्या सरळ केला नाही.

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. टाळ्या वाजवायच्या का नाही ते न सुचून लोक गप्प बसले होते. अक्कानं दाजींना हळूच विचारलं, "पैलं नाव घ्येतलं ते कोन वो? बाईंचा पोरगा का?"

"घरचाच हाय," दाजी म्हणाले.