मैनाबाईचं मोहाचं झाड

झाडं मोजायला गेलं की झाडांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. झाडांसाठी फॉर्म तरी आहे. किश्श्यांना कोणी रकाना ठेवत नाही, म्हणून ते मी तुमच्या माथी मारते!

काम साधं. दरेकसा गावाच्या बाजूला, जंगलात अन् धानाच्या बांधांवर, कोणती झाडं आहेत, किती जाड आहेत, त्यांत कार्बन किती साठलाय ते लिहायचं. टीम म्हणजे मी आणि गावातले शिवलालकाका. काका झाड ओळखतात, मी लिहिते. हुद्दा मात्र माझा मोठा!

*

फॉर्म आलाय दक्षिणेतल्या कॉफीच्या बागांतून. तिथे कॉफीला सावली देणारी झाडं मोजतात. तो कोणी बदललाच नाही. पहिला प्रश्न : 'झाडाखाली कॉफीची रोपं किती?'

काका समोरच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या खाचराकडे, बघत म्हणाले, "मॅडम, सकाळपासून चहा नाही भेटला. कॉफी कुठून आणू?"

*

खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा. छाती कोणाची? मी माझी धरली. माझी उंची जेमतेम पाच फूट! अन् झाड तर खाली जाड असतं. दोन दिवसांत आमच्या जंगलात इतका कार्बन निघाला, की ऑफिसातून अभिनंदनाचा फोन!

चूक कळल्यावर काका हळहळले. "तुमी आणखी बुटक्या असत्या ना जी, तर आपला पयला नंबर येत होता!"

*

माझ्या मोबाईलमध्ये झाडं ओळखायचं अ‍ॅप आहे. ते गोल गोल फिरत बसतं, तोवर काका पान चुरगळून वास घेतात अन् नाव सांगून पुढच्या झाडाकडे. एकदाच अडले.

"याचं नाव मले नाही मालूम. काहीच कामाचं नाही हे झाड."

अ‍ॅपनं मात्र चटकन नाव सांगितलं!

"पाहा," काका म्हणाले, "तुमच्या मोबाईलले बिनकामाचे बराबर ओळखू येतेत!"

तेव्हापासून मी सेल्फी काढत नाही.

*

गावातल्या मैनाबाईच्या बांधावर मोहाचं मोठं झाड आहे. तिनं विचारलं, "कार्बन म्हंजे काय जी?"

मी म्हटलं, "हवेतल्या धुरातला भाग. झाड तो ओढून घेतं अन् आत साठवून ठेवतं."

"माझा बुढा बिडी ओढून चाळीस वर्षांपासून तेच करून राहिला. त्यालेबी टेप लावा!"

*

तेच झाड आतून पोकळ निघालं. पोकळ म्हणजे कार्बन कमी. मी नियमाप्रमाणे लिहिलं, 'काढून नवीन लावावे.'

मैनाबाई म्हणाली, "नव्याले फुलं लागेपर्यंत मी काय येचू? गोटे?"

मी तिचा प्रश्न ऑफिसला कळवला. निकाल द्यायला मोठे साहेब स्वतः येणार होते.

आले. ढोली अगदी जमिनीजवळ. आत बघायला साहेबांनी टोपी काढली, गुडघे टेकले, डोकं खाली नेलं. बाजूच्या बांधीत बाया रोवणा करत, धानाची रोपं लावत होत्या. साहेब वाकलेले पाहून एकीनं चिखलाचे हात जोडले. मग दुसरीनं. मग साऱ्यांनीच. मैनाबाईनंही.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. एवढे जोडलेले हात! घाईघाईनं बूट काढले, स्वतः हात जोडले अन् माझ्या फॉर्मवर स्वतःच्या पेननं लिहिलं, 'देवाचे झाड. हात लावू नये.'

गाडी गेल्यावर मी हळूच विचारलं, "मैनाबाई, देव कोणता जी इथला?"

"मले काऊन विचारून राहिल्या? साहेबाले विचारा. पयले तेच वाकले!"