यूस्निएल राहिला

आमच्या सान अन्सेल्मो गावातून जो जातो, त्याला 'राहिला' म्हणतात. बेसबॉलचा संघ परदेशी खेळायला जातो, परतीच्या विमानात डोकी मोजली जातात, आणि जे डोकं कमी भरतं ते 'राहिलं'. कुठं, कशाला, कुणी विचारत नाही. जे खरोखर इथं राहतात, रोज पावाच्या रांगेत उभे राहतात, त्यांच्यासाठी मात्र वेगळा शब्द नाही. गरजच पडत नाही.

एवेलिओचा लिओनेल असाच राहिला, मेक्सिकोत. डावखुरा पिचर होता, चेंडू टाकणारा. एवेलिओ आमच्या भिंतीपलीकडचा, बायको आधीच देवाघरी गेलेली. चपला-बुटांची कामं करतो, पण त्याचा जीव बेसबॉलचे हातमोजे शिवण्यात. कुणाचा जुना बूट फाटला की त्यातलं चांगलं चामडं काढून ठेवणार आणि गल्लीतल्या पोरांच्या हातमोज्यांना लावणार. माझ्या थोरलीचा तो धर्मबाप, म्हणून मला 'कोमाद्रे' म्हणतो. त्यानं दारातून लांबवून 'कोमाद्रेऽ' म्हटलं, की काहीतरी मागायला आलाय हे मी ओळखते.

लिओनेलचा फोन रविवारी येतो. मी चर्चमधल्या मिस्साहून आलेली असते, तांदूळ निवडत बसते. एवेलिओ फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, त्यामुळं भिंतीतून दोघांचंही ऐकू येतं. गोळ्या घेतल्या का? घेतल्या. पाय दुखतो का? दुखतो. बूट पाठवू का? अरे, मी चांभार आहे, मला बूट पाठवतोस? खेळाबद्दल दोघंही चकार शब्द काढत नाहीत.

"त्याला कशाला आठवतोय आता आपला संघ," एवेलिओ मला म्हणतो. "तिथं तो पाण्याच्या बाटल्यांची गाडी चालवतो. खेळणंसुद्धा सुटलं."

लिओनेल गेल्यापासून एवेलिओनं सगळी आशा समोरच्या ओदालिसच्या मुलावर ठेवलेली. यूस्निएल. शॉर्टस्टॉप आहे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो, आणि जमिनीवरून आलेला चेंडू असा उचलतो की जणू पडलेला रुमाल उचलावा. त्याचा पहिला हातमोजा एवेलिओनंच शिवला. गेल्या हंगामात आम्ही तळाला होतो, पण हा पोरगा एकटा चमकला. यंदा हंगामाच्या तोंडावर संघ मेक्सिकोला सरावाचे सामने खेळायला गेला, आणि गावाला एकच घोर लागला. यूस्निएल परत येईल का?

बागेत चर्चच्या समोर कट्टा आहे. तिथं पुरुषमाणसं रोज बेसबॉलवरून भांडतात. नवखा माणूस पोलिसांना बोलवेल, इतकं. मी संध्याकाळी रोजारीच्या प्रार्थनेला जाता-येता सगळं ऐकते. बेनिग्नो न्हावी त्यांचा म्होरक्या.

"यंदा आपण पहिले!" बेनिग्नो म्हणत होता.

"कुठून? खालून?"

"पिचर बघितलास का आपला? इतका हळू टाकतो की वाटेत चेंडूवर माशी बसते, पाय पुसते आणि उडून जाते."

"यूस्निएल असला की पुरे," एवेलिओ म्हणाला. "तो मागं उभा असला की पिचरला धीर येतो."

"असला की," बेनिग्नो म्हणाला.

मी जवळून चालले होते. एवेलिओनं मला पाहून टोपी काढली. "कोमाद्रेऽ, आपला हंगाम प्रायश्चित्तकाळातच का सुरू होतो माहीत आहे? देवानं आमच्यासाठी वेगळा उपास ठेवलाय." आणि मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, "मातेपाशी एक मेणबत्ती लाव ना. पोरगा परत येऊ दे. आणखी एक गेला तर मी कुणाचा खेळ बघू?"

घरी येते तर ओदालिस दारात उभी. तिच्याही तोंडी तेच. "ताई, मातेपाशी एक मेणबत्ती लावा. पोरगा तिथंच राहू दे. माझं काय, मी बघून घेईन माझं."

मेणबत्त्या मिळणं काही सोपं राहिलेलं नाही. माझ्याकडे एक होती, दिवे गेले तर लागेल म्हणून ठेवलेली. तीच कोब्रेच्या मातेच्या मूर्तीपुढं लावली. कुणाच्या नावानं ते सांगितलं नाही. म्हटलं, माते, तुलाही मुलगा होता, तू बघ.

संघ परतायच्या दिवशी बेनिग्नोनं आपल्या मेव्हण्याला फोन लावला. हा मेव्हणा संघाची बस चालवतो. कट्टा सगळा त्याच्याभोवती गोळा झालेला. फोनमध्ये नुसती खरखर.

"यूस्निएलचं काय?" बेनिग्नो ओरडला. "यूस्निएऽल!"

"राहिला!" पलीकडून आवाज आला. आणि फोन तुटला.

मग कुणीतरी ओदालिसकडे गेलं. ती डाळ शिजवत होती. "देवा, तुझे उपकार," म्हणाली, आणि ॲप्रनचं टोक तोंडात कोंबून रडायला लागली. शेजारणी आल्या. अभिनंदन आणि सांत्वन एकाच मिठीत उरकायची आम्हाला सवय आहे. "सुटलं गं पोर," म्हणत डोळे पुसायचे. तिच्या घरातली कॉफी तिथंच संपली.

एवेलिओही आला. ओदालिसला जवळ घेतलं, "चांगलं झालं त्याचं," म्हणाला. घरी जाऊन खिळ्यावरची संघाची टोपी काढली आणि ट्रंकेत टाकली. मी त्याला वाटाण्याची आमटी द्यायला गेले होते. "यंदा मी मैदानावर जाणार नाही," तो म्हणाला. "रेडिओसुद्धा नाही. पुरे झालं, कोमाद्रे. दर वेळी आपण माणूस उभा करायचा आणि दर वेळी तो राहायचा." आमटी तशीच निवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उसाच्या ट्रकमधून एकजण उतरला. खांद्यावर बॅग, डोक्यावर संघाची टोपी. यूस्निएल!

ओदालिस फडकं घेऊन दारात आली. "तू इथं काय करतोयस?"

"आई, हे काय स्वागत झालं?"

"अरे, मी रडून घेतलं की! शेजाऱ्यांनी कॉफी संपवली!" तिनं त्याला फडक्यानं दोन फटके दिले आणि तिसऱ्याला गळ्यात पडली.

उलगडा झाला तेव्हा गल्ली हसून लोळली. प्रशिक्षकानं दौऱ्यानंतर बऱ्याच खेळाडूंना वगळलं होतं. यूस्निएल राहिला होता तो संघात! मेव्हणा बिचारा आनंदाची बातमी देत होता. राहिला म्हणजे राहिला, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सगळ्यांत मोठ्यानं एवेलिओ हसला. मग त्याची नजर ओदालिसकडे गेली. ती मुलाची बॅग छातीशी धरून उभी होती आणि हसत नव्हती. एवेलिओनं हसू अर्ध्यात गिळलं.

"एवेलिओकाका," यूस्निएल म्हणाला, "लिओनेल भेटला. सगळ्या सामन्यांना आला होता."

"तुला राहा म्हणाला?" ओदालिसनं विचारलं.

"म्हणाला, खोली आहे, पलंग आहे, काम बघू. मी म्हटलं, विचार करतो. मग आम्ही बसलो आणि तो विचारायला लागला. यंदा तिसऱ्या बेसवर कोण? बेनिग्नो अजून दरवर्षी आपल्याला पहिलं आणतो का? कट्ट्यावरचं बदामाचं झाड आहे की कापलं? एक संपला की दुसरा प्रश्न. पलंगाचं बोलायचं राहूनच गेलं." तो आईकडे न बघता म्हणाला, "मला त्याच्यासारखं विचारत बसायचं नव्हतं, आई."

ओदालिस चुलीकडे वळली.

एवेलिओ स्टुलावर बसला. "संघाचं विचारत होता? आपल्या संघाचं?"

"दुसरं काहीच नाही."

"मग मला का नाही विचारत?"

"म्हणाला, बाबांना खेळाचं काढलं तर वाईट वाटेल."

"गाढव," एवेलिओ म्हणाला. जरा वेळानं पुन्हा, "गाढव." या वेळी कुणाला म्हणाला ते मला कळलं नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "कोमाद्रेऽ, तुझ्या लेकीचा फोन दे. आवाज पाठवता येतो तो."

आमच्याच स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं अख्खा संघ सांगितला. पहिला कोण मारायला येणार, कोण डावा, कोण म्हातारा झाला, कुणाचा गुडघा गेला. मध्येच खोकला, मध्येच मला म्हणाला, "कूकरची शिट्टी थांबव, त्याला ऐकू जाणार नाही." तेवढ्यात वीज गेली; उत्तर यायला ती परतावी लागली. लिओनेलचा आवाज आला, कितीतरी वर्षांनी भिंतीशिवाय ऐकलेला. "तिसऱ्या बेसवर तो? बाबा, तुम्ही वेडे झालात का? त्याला वळणारा चेंडू दिसतो तरी का?"

एवेलिओनं ते पुन्हा लावलं. आणि पुन्हा. चेहरा लाल झालेला. "तिथं पाण्याच्या बाटल्या वाहून याला अक्कल आली!" म्हणाला आणि पुन्हा बटण दाबून भांडायला लागला. हाताशी बेनिग्नो नव्हता एवढंच, नाहीतर कट्टाच तो.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला आम्ही सगळे ट्रकमधून गेलो. यूस्निएल छान खेळला. ओदालिस माझ्या शेजारी बसली होती. तो चेंडूवर झेप घेई तेव्हा ती टाळ्या वाजवी, आणि चेंडू थांबला की मैदानाच्या भिंतीपलीकडे बघत राही. तिच्यासाठी मी मनात जपमाळ ओढत होते. तिसऱ्या बेसवरच्यानं वळणाऱ्या तिन्ही चेंडूंवर बॅट हवेत फिरवली, आणि आम्ही सपाटून हरलो.

परतताना ट्रकमध्ये सगळ्यांची तोंडं उतरलेली. एवेलिओ कठड्याला धरून उभा होता, ओठ हलत होते, काहीतरी जुळवत होता.

"लेकीचा फोन घरी आहे ना?" त्यानं मला विचारलं. "वीज असेल का?"

"असेल. का रे?"

"मार खाल्ला तो कसा, ते नीट सांगायला हवं त्याला," तो म्हणाला. "नाहीतर उगाच मला दोष देत बसेल."